मडिवाळप्पा एस. (१९८७)

नांदेड,
६ जानेवारी २०२५

ती. अंबिकाकाकूंना,
शरणार्थ.

आमचा लेख घेतला. आज सकाळी संपादकांची मेल आली आणि मल्लिनाथ सरांनी स्वतः प्रयोगशाळेत येऊन सांगितलं, म्हणून विश्वास ठेवला. करडईवरच्या माव्यात, त्या बारीक किडीत, चार वर्षं घालवली, त्याचं हे पहिलं फळ. घरी फोन केला तर आई म्हणाली, म्हणजे आता डॉक्टर झालीस का? अजून नाही, पण हा लेख छापून आल्याशिवाय प्रबंध दाखल करता येत नाही, एवढं तिला समजावलं.

एक अट आहे. संदर्भसूची त्यांच्या पद्धतीनं लावून वीस तारखेच्या आत पाठवायची. तुम्हाला सांगते कसं असतं ते. दुसऱ्याच्या कामाचा आधार घेतला की लेखाच्या शेवटी त्याची नोंद द्यायची. आडनाव आधी, मग आद्याक्षरं, कंसात वर्ष, मग शीर्षक, नियतकालिकाचं नाव तिरप्या अक्षरात, खंड ठळक, पुढं पानं. मी सगळं केलं होतं, तर कळलं की या लोकांना खंड ठळक चालत नाही आणि वर्षानंतर टिंब लागतं. सर हसतात. म्हणतात, "विज्ञान झालं मंजुषा, आता शिवणकाम."

तुमच्याकडं काम आहे ते असं. एक नोंद अर्धवट आहे. "मडिवाळप्पा एस., १९८७, प्रबंध," एवढंच. मी ती दुसऱ्या एका लेखातून उचलली, तिथंही इतकंच होतं. प्रबंध लातूरच्या कॉलेजात झाला असं सर म्हणतात, म्हणजे प्रत तिथल्या लायब्ररीत असायला हवी. तुम्हाला घरापासून ऑटोनं जवळ आहे. पूर्ण शीर्षक, विद्यापीठ, एकूण पानं आणि गावठी करडईचा तक्ता कुठल्या पानावर आहे, एवढं उतरवून पाठवाल का?

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मोबाइलवर टाइप करायचा तुम्हाला वैताग, म्हणून स्पीड पोस्ट. सरांना सांगितलं की काकूशी पत्रव्यवहार आहे, तर त्यांना ते संशोधनापेक्षा नवलाचं वाटलं.

काकांच्या पुण्यतिथीला नक्की येते.

तुमची,
मंजुषा


लातूर,
१० जानेवारी २०२५

चि. मंजुषास,
अनेक आशीर्वाद.

लेखाची बातमी वाचून बरं वाटलं. पत्र दोनदा वाचलं.

नोंद खाली तुझ्या पद्धतीनं लावून देते, वर्षानंतर टिंबासकट. नाव प्रबंधावर आहे तसंच ठेव. आडनाव छापलेलं नाही.

मडिवाळप्पा एस. (१९८७). मराठवाड्यातील करडईच्या गावठी व सुधारित वाणांवरील माव्याचा प्रादुर्भाव आणि पेरणीची वेळ. एम.एस्सी. प्रबंध. एकूण पानं ११२. गावठी वाणाचा तक्ता पान ४३ वर.

विद्यापीठाचं नाव वेगळ्या चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलं आहे, कारण तुला ते इंग्रजीतच लागेल.

लायब्ररीत जावं लागलं नाही. प्रत दुसरीकडं मिळाली. जाड कापडी पुठ्ठा आहे, टंकलेखन जरा पुसट झालंय, पण वाचता येतं. तुला वाचायचा असेल तर एसटीच्या पार्सलनं नांदेडला पाठवते, दुसऱ्या दिवशी मिळेल. तू ज्या लेखातून नोंद उचललीस त्यांनी तो वाचला होता की नाही, मला माहीत नाही. एकदा डोळ्याखालून घातलास तर बरं.

थंडी आहे. प्रयोगशाळेत बसताना पायात मोजे घालत जा.

तुझी काकू,
अंबिका


नांदेड,
१६ जानेवारी २०२५

ती. काकूंना,
शरणार्थ.

तुमचं पत्र सरांना दाखवलं. म्हणाले, लातूरच्या लायब्ररियनला इथं आणून बसवा. मी म्हटलं, काकूनं कुणाकडून तरी बरोब्बर काढून घेतलं असणार, आमच्या काकूपुढं कुणी कामचुकारपणा करू शकत नाही.

प्रबंध पाठवू नका काकू. वाचायला वेळच नाही. परवा सगळं अपलोड करायचं आहे आणि अजून अर्ध्या नोंदींचे दुवे तपासायचेत. पान क्रमांक मिळाला, काम झालं.

खरं तर आता तोही लागणार नाही. तुम्हाला उगीच त्रास दिला असं झालं. या नियतकालिकाला संदर्भ चाळीसच्या वर नकोत आणि आमचे एकेचाळीस होत होते. त्यातून न छापलेला प्रबंध, इंटरनेटवर दुवा नाही, असा संदर्भ शक्यतो देऊ नका असंही त्यांच्या सूचनांत आहे. सरांनी तोडगा काढला. याच प्रबंधाचे मार्गदर्शक डॉ. चन्नबसप्पा यांचा १९९० चा लेख आहे, त्यात हाच तक्ता आलाय. तो छापलेला आहे, दुवाही आहे. तेव्हा मडिवाळप्पा काढून चन्नबसप्पा ठेवले. तक्ता तोच, मग कुणाचं नाव आहे यानं विज्ञानाला काय फरक पडतो, असं सर म्हणाले.

मी विचारलं, हे मडिवाळप्पा सर पुढं कुठं गेले? त्यांचं दुसरं काहीच सापडत नाही. सर म्हणाले, असे पुष्कळ असतात, पदवी घेतात आणि सोडून देतात, एखाद्या बँकेत लागले असतील.

लेख आला की पेढे घेऊन येते.

तुमची,
मंजुषा


लातूर,
२१ जानेवारी २०२५

चि. मंजुषास,
आशीर्वाद.

पत्र शनिवारी मिळालं. तुझी मुदत काल संपली, त्यामुळं हे पत्र उशिराचंच आहे. तरी दोन गोष्टी लिहिते.

पहिली. मडिवाळप्पा सर नव्हते. प्रबंध एका मुलीनं लिहिला होता. मडिवाळप्पा तिच्या वडिलांचं नाव. देगलूरकडं, कर्नाटकाच्या कडेला, बऱ्याच घरांत आडनाव लावत नाहीत, स्वतःचं नाव आणि पुढं वडिलांचं. तुमच्या यंत्राला शेवटचा शब्द आडनाव वाटतो, त्याला तरी काय दोष द्यायचा. बँकेत मात्र ती कधीच लागली नाही.

दुसरी. ९० सालच्या लेखातला तक्ता एकदा मूळ प्रबंधाशी ताडून बघ. मला आठवतं त्याप्रमाणं दोन्ही सारखे नाहीत. माझी आठवण चुकत असेल, म्हणूनच ताडून बघ म्हणते.

बाकी ठीक.

अंबिका


नांदेड,
२७ एप्रिल २०२५

ती. काकू,

तीन महिने मी तुमच्या पत्राला उत्तर दिलं नाही. लेख पाठवून झाला होता, पत्र बसमध्ये वाचलं आणि पिशवीत ठेवून दिलं. मग छपाईच्या खेपा सुरू झाल्या आणि काकांच्या पुण्यतिथीलाही यायचं राहिलं. लेख मार्चच्या अंकात आला. पेढ्यांचं तुम्हाला आईनं सांगितलंच असेल.

गेल्या बुधवारी मी देगलूरला गेले होते. जुन्या करडईचं बियाणं कुठं मिळेल म्हणून सरांनी बाजारातल्या एका दुकानाचा पत्ता दिला होता. पाटी होती, "मडिवाळप्पा अँड सन्स, बियाणे व खते." पाटी वाचली आणि तरीही मला काही सुचलं नाही. गल्ल्यावर एक वयस्कर गृहस्थ, खांद्यावर टॉवेल, कुणाशी तरी कन्नडमध्ये बोलत होते. माझ्याकडं वळून म्हणाले, "कोनाच्या म्हणायच्या तुम्ही?"

मी सांगितलं, लातूरच्या रामलिंग कोऱ्यांची पुतणी.

"मंग भायेर कशाला उभ्या? आत या. आमची सुकन्या दिली न्हाई का तुमच्या घरात."

मी म्हटलं, "माझ्या काकूंचं नाव अंबिका आहे."

"ते तुमच्याकडचं. तुम्ही ठेवलेलं. आमी आजून सुकन्याच म्हणून राहिलो," ते म्हणाले. मग बायकोला हाक मारली, "अगं सरजा, सुकन्याच्या घरची आली बघ, चहा टाक." आणि मला सांगत राहिले, "लई शिकली ती. भिंग घेऊन करडईच्या शेंड्यावरचे किडे मोजायची. आई म्हणायची, ह्या पोरीला पिकापरीस किड्याचीच माया हाय. बाबांनी तिच्यासाठी आमच्या रानात चार वाफे सोडले होते. मी फवारा घेऊन गेलो की दगड मारायची मला."

ते हसत होते. मी बाहेर येऊन पाटी पुन्हा वाचली.

तुमच्या थोरल्या भावाला, सिद्रामप्पामामांना, मी पहिल्यांदाच भेटले. तुमच्या घरात इतकी वर्षं येऊनजाऊन आहे, पण तुमचं माहेरचं नाव कधी विचारावंसं वाटलं नाही. त्यांनी मला काही विचारलं असतं तर माझ्याकडं एकच उत्तर होतं, की ते नाव माझ्या लेखात होतं आणि मी काढलं. आणि ज्या बाईचं काढलं तिलाच पत्र लिहून कळवलं. तिला संदर्भ म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिला "मडिवाळप्पा सर" म्हटलं.

तुम्ही प्रबंध पाठवते म्हणालात, मी नको म्हटलं. पहिलं पान जरी उघडलं असतं तरी हे सर नव्हेत, बाई आहे, एवढं कळलं असतं.

काकू, एक ओळ लिहायची होती. हा माझा आहे, एवढीच. मी सरांशी भांडले असते. का नाही लिहिलीत?

मी आता संपादकांना लिहिते, की हा प्रबंध माझ्या काकूंचा आहे आणि राहून गेला.

मंजुषा


लातूर,
४ मे २०२५

चि. मंजुषास,
अनेक आशीर्वाद.

सिद्रामप्पाचा फोन आला होता. ऐकू अर्धंच आलं, पण तुझं नाव आणि "पोरगी रडवेली झाली" एवढं कळलं. त्यानं तुला दगडाची गोष्ट सांगितलीच. तो फवारा घेऊन यायचा हे खरं आहे, आणि माझा एक दगड त्याला लागलाही होता.

का लिहिलं नाही, ते विचारलंस. मी लिहायला घेतलं होतं. पहिल्याच पत्रात. मग वाटलं, हे सांगितलं तर मंजुषा नोंद ठेवेल, पण काकूची म्हणून ठेवेल. ओळखीनं लागलेलं नाव मला नको होतं. त्या कामाची कुणाला गरज असेल तर ते राहील, नसेल तर जाईल, असं बघायचं ठरवलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी ती नोंद विचारली, तर तिचं काय होतं ते बघावं, एवढीच हौस. ती नोंद गेली. आता वाटतं, हौस करायची ही वेळ नव्हती. तू घाईत होतीस आणि मी कोड्यात बोलत बसले.

८८ साली लग्न झालं. ताटात तांदूळ पसरले आणि तुझ्या काकांनी अंगठीनं त्यावर अंबिका लिहिलं. मला नाव आवडलं होतं, खोटं कशाला सांगू. ते तांदूळ मग सासूबाईंनी खिरीला घेतले. तुझे काका वाईट नव्हते. पुढं शिकणार का म्हणून त्यांनी विचारलंही होतं. मी म्हटलं, घरात जरा बसते, मग बघू. पुन्हा त्यांनी विचारलं नाही आणि मीही काढलं नाही.

९० साली चन्नबसप्पा सरांनी त्यांच्या लेखाची प्रत लातूरच्या पत्त्यावर पाठवली. वर लिहिलं होतं, "सौ. अंबिका कोरे यांस सप्रेम." आत माझा तक्ता होता. शेवटी "एका विद्यार्थिनीचे आभार." सर मनानं चांगले होते. त्या काळात मार्गदर्शकाच्या नावावर छापणं कुणालाच गैर वाटत नसे. पण तक्ता छापताना गडबड झाली होती, ती मला त्याच दिवशी दिसली. सरांना कळवायला कागद घेतला, मजकूर लिहिला, आणि सहीपाशी अडले. अंबिका कोरेला त्या तक्त्यातलं काय कळतं? आणि सुकन्या मडिवाळप्पाच्या नावानं सासरच्या घरातून पत्र टाकायचं म्हणजे तेही चमत्कारिक. उद्या बघू म्हणून ठेवलं. सर पाच वर्षांनी गेले. ते पत्र जायला हवं होतं.

आता संपादकांचं. काकूंचा प्रबंध राहिला असं लिहू नकोस. राहिलेल्या नावासाठी कुणी अंक परत उघडत नाही आणि उघडूही नये. आधी प्रबंध वाच. उद्याच्या सकाळच्या एसटीनं पार्सल पाठवते. पान ४३ आणि ९० चा लेख शेजारी ठेव. मग तुला जे दिसेल ते लिही. काहीच दिसलं नाही, तर माझी आठवण चुकली असं समज आणि गप्प बस.

पुठ्ठा सांभाळ. शिवण सुटत आली आहे.

तुझी काकू


नांदेड,
२९ जून २०२५

ती. काकूंना,
शरणार्थ.

दुरुस्ती छापणार आहेत. काल संध्याकाळी संपादकांची मेल आली आणि सरांनी लगेच ती मला पुढं पाठवली. खाली एकच ओळ लिहिली होती, "काकूंना कळव."

मधलं सांगते. पार्सल मिळालं त्या दिवशी मी बाकी सगळं बाजूला ठेवलं. शेजारी शेजारी ठेवले, तर तुम्ही म्हणालात तेच. गावठी वाणाच्या ओळीत लवकरच्या आणि उशिराच्या पेरणीचे आकडे ९० च्या लेखात उलटे पडलेत. तुमच्या प्रबंधात लवकर पेरलेल्या गावठी करडईवर मावा कमी, उशिरा पेरलेलीवर जास्त. छापील लेखात नेमकं उलट. ज्या लेखातून मी नोंद उचलली त्यातही हेच उलटे आकडे होते, आणि त्यांवर विसंबून मी लिहिलं, की गावठी करडई उशिरा पेरली तरी माव्यापासून बरीचशी वाचते. माझे स्वतःचे प्रयोग सगळे लवकरच्या पेरणीचे होते. उशिराचं मी बघितलंच नव्हतं, ते तुमच्या तक्त्यावरून घेतलं होतं, म्हणजे चन्नबसप्पांच्या. हे वाक्य कुणी शेतावर नेलं असतं तर?

सरांना दाखवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी प्रबंध मागून घेतला आणि घरी जाऊन पूर्ण वाचला. परत देताना म्हणाले, "चूक आपल्या नावावर छापली, दुरुस्तीही आपल्याच नावावर छापू." मग म्हणाले, "तक्ता तोच, असं मी म्हणालो होतो ना?"

संपादकांना मी तुमचं माझं नातं लिहिलं नाही. आकडे लिहिले, पान ४३ ची प्रत जोडली. प्रबंधाला दुवा हवा, म्हणून आम्ही तो इथं स्कॅन करून विद्यापीठाच्या संग्रहात ठेवायला दिलाय. तुमच्या संमतीची सही लागेल, कागद सोबत आहे. चाळीसची मर्यादा दुरुस्तीला लागू नाही.

पहिल्या लेखाचा मला जो आनंद झाला होता, त्यातलं आता फार उरलं नाही. पहिलं छापलेलं वाक्य खोटं निघालं. तुम्ही दोनदा सांगितलं होतं, वाच म्हणून. मी नोंदीतली टिंबं तपासत बसले.

एक विचारायचं राहिलं. त्यांच्या अर्जात लेखकाचं आडनाव आणि नाव वेगवेगळं भरावं लागतं. तुमचं कसं भरू? "कोरे, अंबिका" असं कंसात जोडता येईल, म्हणजे पुढं कुणी शोधलं तर दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे कळेल. तुम्ही म्हणाल तसं.

मंजुषा


लातूर,
६ जुलै २०२५

चि. मंजुषास,
अनेक आशीर्वाद.

संमतीच्या कागदावर सही केली. बँकेत, गॅसवाल्याकडं, सगळीकडं अंबिका कोरेची सही चालते. इथं दुसरी करावी लागली. तीन कोऱ्या कागदांवर गिरवून बघितली, तेव्हा हात वळला.

नाव जसं प्रबंधावर आहे तसंच ठेव. कंस नको. अंबिकानं करडई मोजली नाही. तिनं संसार केला, चांगला केला, त्याला संदर्भ लागत नाही. दोघी एकच हे तुला माहीत आहे, सिद्रामप्पाला आहे, तुझ्या सरांना आहे. तेवढं पुरे.

पहिल्या वाक्याचं मनाला लावून घेऊ नकोस. तुझं वाक्य सहा महिन्यांत दुरुस्त होतंय. चन्नबसप्पा सरांच्या तक्त्यातलं मी पस्तीस वर्षं तसंच राहू दिलं. मला वाईट वाटतं ते त्याचं, तुझं नाही. तुझ्या काकांना मात्र दाखवता आलं असतं तर बरं होतं. त्यांनी विचारलं होतं, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं.

प्रबंध परत पाठवायची घाई करू नकोस. पावसाळ्यात पार्सल भिजतं. दिवाळीला येशील तेव्हा हातानं आण.

दुरुस्ती सप्टेंबरच्या अंकात येईल असं तू फोनवर तुझ्या आईला सांगितलंस म्हणे. आली की मला पोस्टानं पाठवू नकोस. आधी ते पान घेऊन देगलूरला जा, दुकानात. सिद्रामप्पाला इंग्रजी फारसं येत नाही, पण पाटीवर इंग्रजीतही लिहिलेलं मडिवाळप्पा हे नाव तो रोज बघतो. तेवढी ओळ त्याला बरोबर सापडेल. त्याच्यापुढचा एस. कोण, ते तो दुकानात येईल त्याला सांगत बसेल.

तुझी काकू,
सुकन्या